एक खुर्ची आणि गोल अक्षरं

ज्या घरात एकच खुर्ची असते, त्या घरात पाहुणा आला की यजमानाला उभं राहावं लागतं. कंपासच्या घरी पाच महिने हेच चाललं होतं, आणि शेजारीपाजारी इतके बेरकी, की मुद्दाम जोडीने जायचे. एक जण खुर्चीत बसायचा, दुसरा खिडकीच्या कठड्याला टेकायचा, आणि घरधनी स्वयंपाकघराच्या दारात एका पायावर उभा राहून विचारायचा, "चहा टाकू?" कपही दोनच. म्हणजे चहाची चव त्याने पाहुण्यांच्या तोंडाकडे बघूनच ओळखायची.

बाकीचं घर ट्रकमधून गेलं होतं. वहिनी, म्हणजे कंपासची बायको, हॉस्पिटलात नर्स. पाच महिन्यांपूर्वी बढती मिळून त्या मेट्रन झाल्या आणि बदली झाली ती बसने आठ तास लांबच्या गावी. तिथे राहायला दोन खोल्या, मागे अंगण. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, वहिनींनी तिथल्या तंत्रशाळेत कंपाससाठी शब्द टाकून ठेवला होता. ड्रॉइंग शिकवायची जागा. कंपास म्हणाला, "तू हो पुढे, मी पंधरा दिवसांत आलोच." वहिनींनी तो शब्द खरा मानून पलंग, कपाट, भांडी, सगळं ट्रकमध्ये चढवलं. खुर्ची तेवढी ट्रकमध्ये मावेना. पंधरा दिवसांसाठी माणसाला लागतं काय? एक गादी, एक पातेलं, दोन कप आणि टेकायला काहीतरी.

त्या पंधरा दिवसांचे पाच महिने झाले. पहिल्या महिन्यात लोक विचारायचे, "कधी निघताय?" दुसऱ्यात विचारायचे, "अजून इथेच?" तिसऱ्यापासून विचारणंच बंद झालं, जोडीने जाणं सुरू झालं.

कंपास हे नाव आळीनेच ठेवलेलं. एक तर अंगकाठी तशी: लांब, बारीक, कमरेशी किंचित उघडलेली. दुसरं म्हणजे चाल. हा माणूस रस्त्याने सरळ जातच नाही. पाच-पंचवीस पावलं गेला की अर्धगोल काढतो, पुन्हा सरळ, पुन्हा अर्धगोल. नव्या माणसाला वाटावं, सकाळी सकाळीच लावून आलाय. तसं काही नाही. रस्त्यात गटारांवर आणि पाण्याच्या व्हॉल्व्हवर बिडाची गोल झाकणं असतात ना, त्यांवरची अक्षरं याने काढलेली आहेत. स्वतःच्या अक्षरावर पाय कसा द्यायचा? साऱ्या गावाने दिला तरी त्याने दिला नाही. असा माणूस, की ज्याचं अक्षर गावात सगळ्यात जास्त ठिकाणी आहे आणि सगळ्यात कमी वाचलं जातं.

तो ओतकामाच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन. काम असं: झाकणाचं मॉडेल संगणकावर बनवायचं. मग यंत्र ते लाकडात कोरतं, म्हणजे साचा झाला. साचा वाळूत दाबायचा, अलगद उचलायचा, आणि राहिलेल्या पोकळीत वितळलेलं बीड ओतायचं. वाळूचं खातं वाळूकाकांकडे. हे तिथले सगळ्यात जुने; त्यांच्या अंगठ्याला जे कळतं ते मोजपट्टीला कळत नाही, असं तेच सांगतात.

आता तुम्ही म्हणाल, झाकणावर अक्षरं काढणं यात एवढं काय? गोष्ट अशी, की आपल्या अक्षरांच्या डोक्यावर रेघ असते. सरळ ओळीत ती दोरी, आणि अक्षरं म्हणजे वाळत घातलेले कपडे; सगळी गुण्यागोविंदाने लटकतात. तीच ओळ गोलावर चढवा, की भांडणं सुरू. संगणक बिचारा एकेक अक्षर उचलतो, वळवतो आणि ठेवतो. पण प्रत्येकाच्या डोक्यावरची रेघ त्याच्यापुरती सरळच राहते, त्यामुळे गोल रेघेऐवजी मोडक्या काटक्यांची माळ तयार होते. वरच्या कमानीत अक्षरांचे पाय मध्याकडे येतात, तिथे चेंगराचेंगरी. उकार शेजाऱ्याच्या पोटात, वेलांटी तिसऱ्याच्याच डोक्यावर. बरं, सबंध ओळ रबरासारखी वाकवावी, तर डोकी फुगतात आणि पाय काड्या होतात. आळीत असे दोघे-तिघे आहेत, पण त्यांना कोणी झाकणावर ओतत नाही.

कंपासचं अक्षर मात्र गोलावर बसवलंय असं वाटायचंच नाही, ते तिथेच उगवलेलं दिसायचं. सगळ्या कारखान्यात हे एकट्याला जमायचं. आणि त्याचं घोडं अडलं ते इथेच.

मालक तसा वाईट माणूस नव्हे. आवाज इतका मऊ, की नकार दिला तरी डोक्याखाली उशी दिल्यासारखं वाटावं. उशीने माणूस गुदमरतोसुद्धा, हे नंतर कळतं.

"मालक, पाच महिने झाले," कंपास म्हणायचा.

"मग जा की कंपासराव. कोणी अडवलंय का? दार उघडंच आहे. फक्त ती गोल अक्षरं कोणाच्या तरी हाती देऊन जा. तुमचा अनुभवाचा दाखला टाइप करून ठेवलाय. सही तेवढी बाकी."

दाखल्याशिवाय तंत्रशाळा जागा देणार नव्हती. आणि "कोणाच्या तरी हाती देऊन जा" हे मालक म्हणाला, त्यात त्याची काय चूक? एकोणीस वर्षं त्याला कंपासनेच तर पढवलं होतं, की हे असं कोणाच्या हाती देता येत नाही म्हणून.

ती जुनी गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. एकोणीस वर्षांपूर्वी तिथे चार उभे बोर्ड होते आणि बोर्डांपुढे चार माणसं. सगळ्यात थोरले तात्या, सगळ्यात धाकटा कंपास. मग संगणक आला. मालकाने चौघांना समोर उभं केलं आणि मऊ आवाजात विचारलं, "या यंत्रावर गोल अक्षरं कोण काढून दाखवेल?" तीन दिवस यंत्राने सगळ्यांना काटक्यांची माळच दाखवली होती. चौथ्या दिवशी कंपासने हात वर केला आणि काढून दाखवली. महिनाअखेरीस तीन बोर्ड निघाले, त्यांच्यापुढची तीन माणसंही निघाली. मालकाने कौतुकाने विचारलं, "कसं जमवलंत?" कंपास म्हणाला, "हाताला वळण लागतं, मालक. सांगून येत नाही."

झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मूठ त्याने नुसती झाकली नाही, तिला कुलूप लावलं. काम झालं की अक्षरं मोडून त्यांच्या नुसत्या रेघा करून ठेवायचा, म्हणजे दुसऱ्याने फाइल उघडली तर त्याला शब्द बदलता येऊ नये, कोन कळू नये, काही कळू नये. पुढे तीन नवे ड्राफ्ट्समन आले. प्रत्येकाला कंपासने पहिल्याच दिवशी हसत हसत सगळ्यात अवघड झाकण दिलं. तिघेही सहा महिन्यांत गेले. चौथा आलाच नाही. कंपास खूश. एखाद्याने विहिरीत उतरून शिडी वर ओढून घ्यावी आणि म्हणावं, आता मला कोणी खाली ओढू शकत नाही, त्यातला हा प्रकार.

आणि आता त्याला बाहेर यायचं होतं.

मालकाने एक मुलगी नेमली. चष्मा, दोन्ही कानांमागे एकेक पेन्सिल, आणि तोंडात एकच शब्द: "का?" पहिल्या आठवड्यातच तिचं नाव पडलं का-बाई. कंपासने यावेळी अवघड झाकण दिलं नाही. जीव तोडून शिकवायचं ठरवलं. तर झालं काय, शिकवायला बसल्यावर त्याला कळलं, की आपल्याला ते सांगताच येत नाही. एकोणीस वर्षं लोकांना थाप मारली आणि ती थाप स्वतःलाच लागू झाली.

"सर, हा ‘ज’ किती अंशात वळवलात?"

"बघून."

"काय बघून?"

"‘ज’ बघून."

"मीपण ‘ज’च बघतेय."

"मग नीट बघा."

"नीट म्हणजे कसं? वरची रेघ बघू, पोट बघू, की शेपूट?"

"अहो, सबंध बघा. सरका जरा."

हे "सरका जरा" म्हणजे कंपासची शिकवणी. ती उठायची, तो बसायचा, माउस हातात आला की चार क्लिकमध्ये ‘ज’ जागेवर. "बघितलंत?" ती म्हणायची, "बघितलं. पण का?" चार आठवड्यांत ती स्वतःच्या खुर्चीवर एकूण अर्धा तास बसली असेल. घरी याला एक खुर्ची, म्हणून कारखान्यातली तिची बळकावायचा, असं वाळूकाका म्हणायचे.

अशात मोठं काम आलं. चारशे झाकणं. वरच्या कमानीत ‘जलवाहिनी दुरुस्ती’, खालच्या कमानीत ‘उघडे ठेवू नका’. मालकाने कंपासला बोलावलं.

"हे का-बाईंना एकटीने काढू द्या. वाळूकाकांनी पास केलं की त्याच क्षणी सही. मग तर झालं?"

कंपासच्या जिवात जीव आला. ती बुधवारी बसली, गुरुवारी दुपारी उठली. ओळ बरी होती. बरीच होती, फक्त बरी. तिच्या ‘स्ती’ची वेलांटी रेघेपासून केसभर सुटली होती आणि ‘रु’ जरा लवंडला होता. ती डबा खायला गेली. कंपास तिच्या टेबलाजवळून नुसता चालला होता. नुसता. पण मांजराने दुधाच्या पातेल्याजवळून नुसतं जावं, तसं ते जाणं. दहा मिनिटांनी सगळी अक्षरं जागच्या जागी होती आणि कंपास आपल्या जागेवर बसून नखं बघत होता. त्याला वाटलं, पोरीला मदत केली. आणि काय हो, पास झाली तर सुटका आपलीच होती.

झाकणाच्या मापाचा कागद छापून मोठ्या टेबलावर पसरला. वाळूकाका आले. चष्मा न लावता त्यांनी अंगठा कागदावरून गोल फिरवला. ‘रु’पाशी थांबले.

"हे कंपासचं अक्षर."

"नाही हो काका, बाईंनी काढलंय," मालक म्हणाला.

"एकोणीस वर्षं ही शेपूट मी वाळूतून उचलतोय. बायकोला गर्दीत ओळखणार नाही एक वेळ, पण हिला ओळखीन."

मालकाने नुसतं कंपासकडे बघितलं, मऊसं. टाइप केलेला दाखला हातात होता, तो त्याने पुन्हा घडीवर घडी घालून खिशात ठेवला.

का-बाईने तिच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच "का" विचारलं नाही. टेबलाजवळ येऊन हळू म्हणाली, "सर, माझा ‘रु’ चुकला होता. तो चुकलेलाच छापला असता, तर काका बोलले असते, मी सुधारला असता. आता काय सुधारू? तुमचा?"

त्या दिवशी घरी जाताना कंपासने नेहमीची झाकणं चुकवली, आणि त्यातल्या एकाभोवती तर पूर्ण फेरी मारून पुन्हा तिथेच आला, हे समोरच्या दुकानातल्यांनी पाहिलेलं आहे.

आठ वाजता वहिनींचा फोन. भिंती रिकाम्या असल्या की फोनवरचं बोलणं शेजारी आपोआप ऐकू जातं, त्यात शेजाऱ्यांचा दोष नाही.

"सोमवारी सकाळी दहा वाजता," वहिनी म्हणाल्या. "प्राचार्यांनी दोनदा जागा थांबवली. तिसऱ्यांदा नाही थांबवणार म्हणाले."

"अगं, शनिवारपर्यंत बघतो काहीतरी—"

"अहो, तुमचं ते बघणं नको आता. पाच महिने बघताच आहात. तुमच्या कपाटाच्या खणात मी हॉस्पिटलच्या चादरी ठेवल्यात. सोमवारी दिसलात तर काढते. नाही दिसलात तर सगळं सामान ट्रकने परत पाठवून देते. बसायला तरी मिळेल नीट."

कंपास हसला. पलीकडे कोणी हसलं नाही.

"आणि तू?" त्याने विचारलं.

"मी कशी येईन? मला इथे काम आहे," वहिनी म्हणाल्या. "आणि मला ते सोडवत नाही. तुमच्यासारखंच." फोन ठेवला.

मग तो बराच वेळ खुर्चीत बसून होता. खुर्ची त्याने बाल्कनीत आणली, आत नेली, पुन्हा बाल्कनीत आणली. घर रिकामं असलं की माणसाला वाटतं फिरायला भरपूर जागा आहे, पण खुर्ची एकच असली की फिरून फिरून तिथेच बसावं लागतं.

तोडगा का-बाईने काढला. शुक्रवारी सकाळी मालक तिच्या टेबलाजवळ आला, तेव्हा तिने कंपाससमोरच शांतपणे सांगितलं, "मालक, सरांना कोंडा."

"काय?"

"कोंडा. उद्या मी पहिल्यापासून काढते. सर जोवर मोकळे आहेत, तोवर माझं काम माझं आहे यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. ते बाहेर राहिले तर हात लावल्याशिवाय राहणार नाहीत. हो ना, सर?"

कंपास म्हणणार होता, "छे, छे." पण त्याचा उजवा हात आधीच तिच्या माउसच्या दिशेने निघाला होता, तो सगळ्यांनी पाहिला. तोंड मिटलं.

मालकाला ही कल्पना इतकी आवडली, की तो मोठ्याने हसला, आणि त्याचा मोठा आवाज लोकांनी तेव्हाच ऐकला. नकाशांच्या खोलीला लागून साच्यांचं कोठार आहे. एक फळ्यांचं दार, एक कुलूप. शनिवारी सकाळी नऊ वाजता कंपासला आत पाठवलं, कुलूप लावलं, किल्ली मालकाच्या खिशात. काम चारला संपवायचं. कंपासची बस साडेपाचला, आणि रविवारी बसच नसते.

आत लाकडाचा भुसा, व्हार्निशचा वास आणि वर वीतभर झरोका. तीन भिंतींना मांडण्या, आणि मांडण्यांवर एकोणीस वर्षांचे साचे उभे रचलेले. जिकडे बघावं तिकडे याचीच अक्षरं. बसायला एक उलटं खोकं. म्हणजे फरक काय पडला? घरी खुर्ची होती, इथे खोकं.

दारापलीकडून माउसचा आवाज यायचा. क्लिक, क्लिक, थांबा, मग दोनदा लागोपाठ: म्हणजे तिने केलेलं पुसलं. पुन्हा क्लिक. पुन्हा पुसलं. नुसत्या आवाजावरून त्याला कळत होतं, की ती ‘रु’पाशी अडलीय. त्याचा हात गुडघ्यावर आपोआप फिरायचा, डावीकडे जरासा, खाली जरासा. गुडघ्यावरचा ‘रु’ अगदी सुरेख जमला. त्याचा उपयोग काय? अकरा वाजले. बारा वाजले. पुसायचे आवाज वाढले. एक वाजता मालक जेवायला घरी गेला, किल्लीसकट.

कंपास उठून येरझारा घालू लागला. कोठार चार पावलांचं. चौथ्या पावलाला त्याचा पाय खालच्या फळीवरच्या एका साच्याला लागला आणि साचा उलटा पडला. तो उचलायला वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

तो साचा त्याचा नव्हता. हाताने कोरलेला, जुन्या लाकडाचा, तात्यांचा. मागच्या बाजूला मधोमध खिळ्याचं भोक होतं, आणि त्या भोकापासून पेन्सिलीच्या फिकट रेघा निघून प्रत्येक अक्षराच्या उभ्या दांडीपर्यंत, म्हणजे कान्यापर्यंत, गेल्या होत्या. चाकाच्या आऱ्यांसारख्या.

आणि त्याला ती दुपार आठवली. संगणक यायच्या आधीची. त्याने विचारलं होतं, "तात्या, तुमची अक्षरं पडत कशी नाहीत?" तात्यांनी मध्ये खिळा ठोकला, त्याला दोरा बांधला, आणि दोरा ताणून एकेका कान्याला लावून दाखवला. बोलले ती तीन वाक्यं. समोरचा चहा निवायच्या आत शिकवून झालं होतं. मोबदला नाही, अट नाही. आणि चौथ्या दिवशी मालकापुढे जेव्हा याने हात वर केला, तेव्हा तात्या शेजारीच उभे होते. एका शब्दाने बोलले नाहीत. जाताना आपली डब्याची पिशवी खांद्याला लावून एवढंच म्हणाले, "नीट काढ हं."

हाताचं वळण! कसलं वळण अन् कसलं काय. तीन वाक्यं होती.

आता बाहेर नकाशांच्या खोलीत वाळूकाका डबा उघडून बसले होते, हे त्याला झाकणाच्या आवाजावरून कळत होतं. बोलावं, तर काकांना कळणार, म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या कारखान्याला कळणार, की एकोणीस वर्षं ज्याच्यासाठी याला डोक्यावर घेतलं ते चहा निवायच्या आत शिकता येतं. न बोलावं, तर साडेपाचची बस जाणार. तो साचा छातीशी धरून दारापाशी उभा राहिला. घड्याळात पावणेदोन. पलीकडे तिने पुन्हा पुसलं.

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. याचे हात कोंडल्यावर उघडलं.

"मॅडम."

"हात नाही लावायचा, सर."

"दाराआडून कसा लावू? ऐका. अक्षरं काढून टाका सगळी."

"का?"

"आधी नुसती रेघ वाकवा. एकच, सबंध, कमानीएवढी. दोरी बांधल्याशिवाय कपडे वाळत घालता का तुम्ही?"

पलीकडे दोन क्लिक. "घातली. पुढे?"

"आता प्रत्येक अक्षराचा काना धरा. संगणक अक्षराच्या मधोमध धरून वळवतो, तिथेच बोंब होते. काना धरून वळवा. काना मधल्या खिळ्याकडे बघत असला पाहिजे."

"खिळा कुठे आहे?"

"झाकणाचा मध्य हो! तिथे खिळा आहे असं समजा."

बराच वेळ नुसते क्लिक. पुसण्याचा आवाज नाही.

"आणि ज्याला कानाच नाही? ‘द’? ‘र’?"

"त्याने शेजाऱ्याचा बघून उभं राहायचं."

वाळूकाका फसकन हसले. घास तोंडात होता.

"‘रु’चा उकार ‘स्ती’मध्ये घुसतोय."

"घुसणारच. खाली जागा कमी आहे. त्या दोघांमध्ये आधीच सढळ हाताने जागा सोडा, वरची रेघ तेवढी लांबू द्या. खालच्या कमानीत उलटं. तिथे डोकी मध्याकडे, पाय बाहेर, अक्षरं पांगतात. तिथे जवळ घ्या."

पुन्हा क्लिक. मग तिचा आवाज, आता दाराच्या अगदी जवळून. "सर, हे चार आठवडे का नाही सांगितलं?"

झरोक्यातून येणारा उजेड साच्यावर पडला होता. कंपासने पेन्सिलीच्या रेघेवरून बोट फिरवलं.

"येत नव्हतं."

"काढता तर येत होतं."

"काढता येत होतं. सांगता नव्हतं येत." तो म्हणाला, "आणि हे माझं नाही. तात्यांनी शिकवलंय मला. एका दुपारी."

वाळूकाकांच्या डब्याचं झाकण लागल्याचा आवाज आला. "तरीच," ते म्हणाले. "म्हटलं, तात्यांची झाकणं वाळूतून सुटायची तशी याची कशी काय सुटतात. एकोणीस वर्षं मी हेच म्हणतोय." ते कधीच म्हणाले नव्हते, पण म्हाताऱ्या माणसाला कोण अडवणार?

चार वाजले. का-बाईचं काम झालं, कागद छापला, टेबलावर पसरला. आणि मालकाचा पत्ता नाही. जेवण झाल्यावर त्याचा डोळा लागला होता. सव्वाचार. साडेचार. आत कंपास दाराला कान लावून उभा, बाहेर का-बाई दाराला पाठ लावून उभी, दोघांच्या मध्ये एक फळी आणि किल्ली तिसऱ्याच्याच उशाशी. "कुलूप तोडू का?" काकांनी विचारलं. "नको," आतून आवाज आला. "तोडलं तर म्हणतील मी बाहेर होतो." पाच महिन्यांत पहिल्यांदा त्याला बाहेर पडायची संधी मिळाली होती, आणि त्याने स्वतःच नको म्हटलं.

पावणेपाचला मालक आला, डोळे चोळत. कुलूप न काढता आधी टेबलाजवळ गेला. काकांनी अंगठा फिरवला. वरची कमान, खालची कमान. ‘रु’पाशी थांबले.

"हे कंपासचंच अक्षर."

मालकाने खिशातला दाखला चाचपला, आणि मग त्याच्या ध्यानात आलं. त्याने कुलूप काढलं. आतून कंपास निघाला, केसांत भुसा, काखेत एक जुना लाकडी साचा.

"हा तर आत होता," मालक म्हणाला.

"होता ना. कुलूप तुमचंच," काका म्हणाले.

मालकाने सही केली. पेन बंद करून पुन्हा मऊ आवाजात म्हणाला, "कंपासराव, आठवड्यातून एकदा, नुसता फोन केला तर चालेल ना? काही अडलं तर?"

कंपासचं लक्ष नव्हतं. तो कागदाकडे बघत होता. सगळं छान होतं. फक्त ‘रु’. इतकासा, केसाचाही अर्धा, डावीकडे हवा होता. आणि त्याचा उजवा हात, मांडीपासून सुटून, माउसच्या दिशेने निघाला. का-बाईने तो हात पाहिला. ती खुर्चीवर बसली होती. यावेळी सरकली नाही.

हात हवेतच थांबला. मग कंपासने तो परत आणला आणि खिशात घातला, जिथे बसचं तिकीट होतं.

"काय झालं, सर? ‘रु’?"

"काही नाही," तो म्हणाला. "तुमचा आहे."

तात्यांचा साचा त्याने तिच्या टेबलावर ठेवला, उलटा, रेघा वर करून. आणि निघाला.

घरी पाच वाजून दहा मिनिटांनी पोचला. गादी, पातेलं आणि दोन कप खालच्या मजल्यावर देऊन टाकले. खुर्ची मात्र देईना. "अहो, राहू दे ना, आम्ही सांभाळू," म्हटलं तर म्हणतो, "पाच महिने हिनेच मला सांभाळलंय." बॅग हातात, खुर्ची उलटी डोक्यावर, चारही पाय आभाळाकडे. अशाने समोरचं कसंबसं दिसतं, पायाखालचं तर मुळीच नाही. आळीच्या तोंडापासून बसस्टँडपर्यंत सतरा झाकणं आहेत. मोजायला सगळी आळी गॅलरीत उभी होती. पठ्ठ्या सरळ गेला. सतराही झाकणांवरून, धाडधाड.

बस भरलेली होती. कंडक्टरने खुर्चीवरून हुज्जत घातली, मग दमून म्हणाला, "मांडा मधेच, आणि बसा तीवर." आठ तास दोन्हीकडून लोकांचे गुडघे, मागून कोणाची तरी ट्रंक, हलायला जागा नाही, असा तो गेला. हे सगळं वहिनींनी फोनवर सांगितलं. चादरी काढल्या का, असं विचारलं, तर म्हणाल्या, "अर्धा खण रिकामा केलाय. उरलेल्याचं बघू. पहिल्या दिवशी वर्गात काय केलं माहितेय? पोरांना म्हणाले, सरका जरा."